आधी खोली, मग मायक्रोफोन



कामगार संघटनेच्या माणसाने मायक्रोफोनवर भाषण ठोकावे, मायक्रोफोनविषयी व्याख्यान कशाला द्यावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख हे दोघेही १९६९ साली गेले, आणि त्यांच्यामागून डफ हाती घेणारे आता थोडेच उरले आहेत. त्यांचे आवाज मुद्रित करून ठेवायचे, तर वर्गणीच्या पैशातून मायक्रोफोन कोणता घ्यावा?

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात जोराने गावे लागे. हळू आवाजाला तेथे थारा नव्हता. १९२५पासून विजेच्या साह्याने मुद्रण होऊ लागले आणि नाजूक आवाजही तबकडीवर उतरला. यंत्र माणसाच्या मापाचे झाले. निवडीची कसोटीही हीच.

यात दोन मुख्य जाती आहेत. डायनॅमिक मायक्रोफोनात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकापाशी हलते. हा गडी दणकट; डफाची थाप सहज सोसतो. शुअर कंपनीचा १९६६ साली आलेला एसएम ५८ याच जातीचा. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा धातूच्या पट्टीसमोर ताणलेला असतो. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तुणतुण्याच्या तारेची बारीक झणझण तो टिपतो. पण पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा भोंगाही तितक्याच इमानाने टिपतो!

म्हणून आधी खोली पाहा, मग दुकानात जा. चाळीतली गजबजलेली खोली असेल तर समोरचेच अधिक ऐकणारा डायनॅमिक घ्या, तो शाहिराच्या तोंडापासून वीतभर ठेवा आणि त्याची पाठ पंख्याकडे करा. फार जवळ नेलात, तर खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतो. शांत खोली मिळाली आणि भिंतींवर गोधड्या टांगता आल्या, तर कंडेन्सरचा खर्च सार्थकी लागेल. डफाला शक्यतो निराळा मायक्रोफोन द्या, म्हणजे मागे उभ्या झीलकऱ्यांचा सूर थापेखाली दडपणार नाही. त्यांचाही त्या गाण्यावर हक्क आहे.

मायक्रोफोन केवढ्याला घेतला, हे आपली नातवंडे विचारणार नाहीत. आजोबा काय गात होते, ते शब्द त्यांना कळले पाहिजेत. दुकानातला मायक्रोफोन पुढल्या वर्षीही मिळेल; शाहिराचा भरवसा कोण देणार?