दूरच्या संगणकाचे दार
दूरच्या संगणकावर आपल्या जागेवरून काम करण्याच्या सोयीला ‘रिमोट ॲक्सेस’ म्हणतात. त्यासाठी १९६९ पासून विकसित होत गेलेल्या टेलनेट या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संगणकांनी संवादासाठी पाळावयाच्या नियमसंचात, पासवर्डसुद्धा पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडा जात असे आणि वाटेत टपून बसलेल्याला तो सहज वाचता येई. ही उणीव अत्यंत घातक होती. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर १९९५ मध्ये असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तेथील संशोधक टाटू इलोनेन यांनी एसएसएच हा प्रोटोकॉल रचला, ज्यात सारे संभाषण एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, जाते. हे दोन्ही प्रोटोकॉल वेगवेगळ्या पोर्टवर चालतात; पोर्ट म्हणजे संगणकातील एखाद्या सेवेचे क्रमांकित दार. टेलनेटचे २३, एसएसएचचे २२. ज्या उपकरणावर टेलनेट अद्याप चालू असेल, तेथे ते बंद करावे.