ऋण सोडणारा देव



ख्रिस्ती धर्मशास्त्रावर बोलण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, थकबाकी आणि तडजोड यांतच आमचे आयुष्य गेले, आणि ख्रिस्ती क्षमेची भाषा पुष्कळ अंशी हिशेबाची आहे. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत जेथे आपण ‘पाप’ हा शब्द अपेक्षितो, तेथे मूळ ग्रीक शब्द ‘ऋण’ या अर्थाचा आहे.

परंतु आधी पावित्र्य. त्याला हिब्रू शब्द ‘कादोश’. वेगळा राखलेला, असा त्याचा अर्थ सांगतात. आपल्याला लगेच सोवळे आठवते. सोवळ्याला मात्र विटाळाची धास्ती असते. उज्जीया राजा वारला त्या वर्षी, सुमारे इ. स. पू. ७४० मध्ये, यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचे दर्शन झाले, तेव्हा आपल्या अशुद्ध ओठांच्या जाणिवेने तो हादरला. देवाने त्याला बाहेर घालविले नाही. देवदूताने वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच्या ओठांना लावला आणि त्याचे पाप गेले. येथे पावित्र्य बाटत नाही, उलट तेच दुसऱ्याला शुद्ध करते. पण निखाऱ्याने, गुलाबपाण्याने नव्हे! येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, तो याच न्यायाने.

आता त्याने सांगितलेला दृष्टांत पाहा. एका चाकराकडे राजाचे १०,००० टॅलंट येणे होते. एक टॅलंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम धरले तर हे कर्ज दोन लाख वर्षांच्या मजुरीचे झाले. राजाने ते सोडले. चाकर बाहेर पडला आणि १०० दिनारांसाठी त्याने सोबत्याची मानगूट धरली. (ही रक्कमही क्षुल्लक नव्हे, तीनचार महिन्यांची कमाई आहे. उपदेशक हे सहसा सांगत नाहीत.) तेव्हा बाकीच्या चाकरांनी मिळून राजाकडे गाऱ्हाणे नेले. आमच्यासारख्याचे लक्ष त्यांच्याकडे जाणारच! राजाने दिलेली सूट परत घेतली.

‘झाले गेले विसरा, क्षमा करा,’ असे कामगारांना आमच्यादेखत पुष्कळदा ऐकविले गेले आहे. सांगणारा बहुधा देणेकरीच असे. अशा क्षमेला जर्मन पाद्री डीट्रिख बोनहोफर याने १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ म्हटले. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फाशी दिले. ऋण सोडले म्हणजे ते नाहीसे होत नाही, सोडणाऱ्याच्या अंगावर पडते. ख्रिस्ती माणूस क्रूसाकडे बोट दाखवितो तो यासाठी. हा हिशेब अन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास पुरा केला. त्याचा हिशेब आम्हाला पटतो. आपल्या मानासाठी भरपाई मागणारा त्याचा सरंजामी देव मात्र पटत नाही.

त्यापेक्षा आम्हाला यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय जवळचा वाटतो. त्याने एक पैसाही परत केला नव्हता, तेव्हाच येशू त्याच्या घरी उतरायला निघाला. लोक कुरकुरले. मग जक्कय उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना व ज्याला नाडले त्याला चौपट, असे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले. त्या रकमेतून यरीहोत किती चुली पुन्हा पेटल्या, हे लूक लिहीत नाही. आम्हाला ते वाचायला आवडले असते.