मोरचूद: निळा खडा, जपून हाताळा

आम्ही बचत गटातल्या बायका आज मोरचुदाविषयी बोलणार आहोत. मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीने फवारणीसाठी कालवलेलं मोरचुदाचं पाणी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलं. निळंशार पाणी बघून नातवाने बाटली तोंडाला लावली. आजीने वेळीच हिसकावली, म्हणून निभावलं.

मोरचूद हा तांबं आणि गंधकाचं आम्ल यांपासून झालेला क्षार. खडा तापवला की त्यातलं पाणी उडून तो पांढरा पडतो, ओला केला की पुन्हा निळा होतो. कारखान्यात तांब्याचा मुलामा द्यायला तो लागतो. आपल्याकडे येतो तो बोर्डो मिश्रणासाठी. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मियार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी हे मिश्रण पुढे आणलं. आज आपल्या द्राक्षबागेतही तेच फवारतात.

एक टक्का मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागतं. दोन्ही वेगवेगळे, प्लॅस्टिकच्या पिंपात कालवायचे, मग एकत्र करायचे. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको, मोरचूद ते खातं. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. नाहीतर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

आता धोका. मोरचूद पोटात गेलं तर उलट्या, पोटात आग, पुढे मूत्रपिंड आणि यकृतावर घाला. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने जिवाला आणखी धोका होतो. तोंड धुवा, १०८ ला फोन करा, पाकीट सोबत न्या. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. कालवताना हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं हवंच. पिंप ओढ्यात धुऊ नका, मासे मरतात.

आम्ही गटात ठरवलंय: मोरचूद मूळ पाकिटातच, कुलपात, आणि खाण्यापिण्याच्या भांड्याबाटलीत कधीच नाही. तुम्हीही आज घरी गेल्यावर ओट्याखाली एकदा बघा.