दिवंगत जोडीदाराचे स्मारक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गतवर्षी माझी सहधर्मचारिणी निवर्तली. तिच्यावर एक छोटासा माहितीपट करावा, असा माझ्या मुलाचा आग्रह आहे. त्याने कॅमेरा लावला व म्हणाला, "बाबा, आईविषयी बोला." 'ती प्रेमळ होती, सोशिक होती' यापलीकडे मला काही सुचेना. चाळीस वर्षांचा संसार दोन विशेषणांत आटोपला, याची लाज वाटली. अशा खिन्न मनःस्थितीत मी श्रीमती रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक पुन्हा हाती घेतले.

न्यायमूर्ती रानडे १९०१ साली दिवंगत झाले. त्यांच्या सार्वजनिक कार्याची थोरवी पुष्कळांनी गायिली. रमाबाईंनी मात्र घराच्या आतून पाहिलेले सांगितले. १८७३ साली विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. सुधारकाने विधवेशी विवाह करावा, ही लोकांची अपेक्षा वडिलांच्या आग्रहापुढे फोल ठरली होती. पतीने त्यांना अक्षरओळखीपासून शिकविले. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी त्यांनी सोसली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार साशंक झाले. रानड्यांची धुळ्यास बदली झाली व त्यांची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. बदलीचा हुकूम दप्तरात सापडेल. परंतु त्या संशयाच्या छायेत संसार कसा चालला, हे गृहिणीच सांगू जाणे. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. सुधारकाच्या चरित्रातील हा अडचणीचा प्रसंग. तोही त्यांनी झाकला नाही. म्हणूनच त्या पुस्तकातील रानडे आपणांस जिवंत भेटतात.

आता माझे सांगतो. लग्नाच्या वेळी पत्नी मॅट्रिक झाली होती व तिला पुढे शिकावयाचे होते. मी स्वतः शिक्षक. तरीही घरात अडचण होईल म्हणून मी नको म्हटले. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मी मात्र त्या मौनालाच सोशिकपणा समजत आलो! ही गोष्ट मी आता मुलाच्या कॅमेऱ्यापुढे सांगणार आहे.

आपल्या स्मरणिकेतील श्रद्धांजल्यांत गुणवर्णन पुष्कळ असते, माणूस क्वचित आढळतो. तरी माझी नम्र विनंती अशी की, आपल्या दिवंगतांच्या आठवणी घडल्या तशाच लिहून ठेवाव्यात. आणि ज्यांचा जोडीदार आज शेजारी बसला आहे, त्यांनी घरी गेल्यावर त्याला एवढेच विचारावे, "तुझे काय करावयाचे राहिले?" मी ते विचारले नाही.