पडदा बंद, झाकण उघडं



श्रोतेहो, मला विषय दिलाय 'घरून काम करताना संगणकाची काळजी'. पसारा मोठा आहे. त्यात खुर्ची येते, पाठ-मान येते, डोळे येतात, इंटरनेटची रड येते. यातलं मी आज काहीच बोलणार नाही. मिळालेली सगळी मिनिटं मी लॅपटॉपच्या झाकणावर खर्च करणार आहे.

तुम्ही मोठा मॉनिटर आणलात, छान केलंत. एचडीएमआयची केबल लावलीत, वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतलात. आणि मग काय केलंत? लॅपटॉप मिटलात. मिटलात तो मिटलात, वर डायरी ठेवलीत आणि डायरीवर पाण्याची बाटली! का, तर दोन पडदे समोर नकोत. माऊसचा बाण एका पडद्यावरून दुसऱ्यावर पळतो आणि हरवतो. तक्रार रास्त आहे. पण अहो, पडदा नको तर पडदा बंद करा, झाकण कशाला मिटता? पडदा बंद करणं वेगळं आणि झाकण मिटणं वेगळं.

पडदा बंद करायला विंडोजचं बटण आणि पी, दोन्ही एकदम दाबा. 2009 साली विंडोज 7 आली तेव्हापासून ही सोय आहे. शाळेत प्रोजेक्टर लावताना कित्येक गुरुजींनी हीच बटणं दाबलेली असतील. चार पर्याय दिसतात. त्यातला शेवटचा, 'सेकंड स्क्रीन ओन्ली', तो निवडा. लॅपटॉपचा पडदा काळा होईल, मॉनिटर चालू राहील. झालं काम.

'डुप्लिकेट' मात्र निवडू नका. बरेच जण तोच निवडतात आणि मग मॉनिटरच्या नावाने बोटं मोडतात. लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 चा आणि मॉनिटर 1920 बाय 1080 चा असेल, तर दोघांना एकच चित्र दाखवायला एकाच मापावर यावं लागतं. बहुतेक वेळा धाकट्याच्या मापावर. मग महागाच्या मॉनिटरवर अक्षरं फुगलेली, पुसट दिसतात.

आता झाकण का मिटू नये ते सांगतो. पातेल्यात भात शिजवलेल्यांना हे चटकन कळेल. उकळी आली की आपण झाकण सरकवतो, वाफेला वाट देतो. घट्ट झाकलं की पेज उतू जाते, गॅस विझतो आणि ओटा पुसत बसावं लागतं. बऱ्याच लॅपटॉपांचा पंखा खालून हवा ओढतो आणि मागे बिजागरीपाशी सोडतो. थोडी उष्णता कीबोर्डातूनही वर निघते. झाकण मिटलं की काही मॉडेलांत मागची वाट अरुंद होते, आणि कीबोर्डाची ऊब थेट पडद्याच्या तोंडावर बसते. नुसती पत्रं टाइप करत असाल तर ती मंद आच. झाकलेलं असलं तरी निभावतं, आणि कंपन्याही झाकण मिटून चालवू देतात, हे मी नाकारत नाही. पण व्हिडिओचं एडिटिंग, तासन्‌तास चालणारी मीटिंग आणि वर अकोल्यातली मे महिन्यातली दुपार, ही मोठी आच. त्यातही लॅपटॉप भातासारखा उतू जात नाही, तो आपली आच आपणच कमी करतो. म्हणजे प्रोसेसर वेग उतरवतो. आणि तुम्ही म्हणता, मशीन स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या. अहो, आधी झाकण तर काढा!

एक फरक लक्षात ठेवा. भाताचं झाकण तिरकं चालतं, लॅपटॉपचं नाही. त्या झाकणात सहसा छोटं लोहचुंबक असतं आणि खाली ते ओळखणारा सेन्सर. झाकण फार खाली आलं की लॅपटॉपला वाटतं मिटलं, आणि तो झोपी जातो. तेव्हा 'अर्धं मिटतो, हवाही लागेल आणि पडदाही दिसणार नाही' असला मधला मार्ग काढू नका. पूर्ण उघडा.

दुसरं कारण तुम्हाला जास्त पटेल. वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला नाही. मॉनिटर काळा पडतो, काम मात्र आत चालूच असतं. झाकण उघडं असेल तर बऱ्याचदा लॅपटॉपचा पडदा आपोआप उजळतो. नाहीच उजळला तर मॉनिटरची केबल उपसा, तो परत येईल. फाइल सेव्ह करा, मग चहा ठेवा. झाकण मिटलेलं असेल तर आधी बाटली उचला, मग डायरी उचला, तोवर लॅपटॉप जागा आहे की झोपला कोण जाणे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते ठरवता येतं, पण तिथे दोन रकाने असतात. एक बॅटरीवर असतानाचा, एक चार्जरवर असतानाचा. लोक एकच बदलतात आणि दुसऱ्यात फसतात. झाकण उघडंच ठेवलंत तर या रकान्यांच्या वाटेला जावं लागत नाही.

आणि कॅमेरा? तो झाकणातच आहे ना. चालू-बंदचं बटण आत, बोटाच्या ठशाची जागा आत, बऱ्याच लॅपटॉपांचा माइकही तिथेच. मग मीटिंगमध्ये 'आवाज येतोय का माझा, आवाज येतोय का' असं विचारत बसता. सगळं झाकून ठेवल्यावर कुठून येणार?

ठेवायचा कुठे म्हणाल, तर मॉनिटर समोर आणि लॅपटॉप बाजूला. मॉनिटरसमोर लॅपटॉप उघडला तर त्याचाच पडदा आड येतो. उलटं, मॉनिटर बाजूला ठेवलात तर दिवसभर मान वाकडी. मॉनिटरची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यावी, हेही... असो, मी मानेवर बोलणार नाही म्हटलं होतं.

स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली आहे, म्हणून भराभर सांगतो. मॅकबुकवाल्यांनो, तुमच्याकडे तो 'सेकंड स्क्रीन ओन्ली'चा पर्याय असा सरळ मिळत नाही. ब्राइटनेस शेवटपर्यंत उतरवा, पडदा काळा होतो. पण माऊसचा बाण तिकडे भटकू शकतो, त्यासाठी मिररिंग लावा आणि माप मॉनिटरचं ठेवा. लिनक्सवाल्यांनो, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा पडदा बंद करता येतो. झाकण तिथेही उघडंच. आणि चार्जर दिवसभर लागलेला असेल तर बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर ताटकळत ठेवू नका. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपांत ती ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती शोधायची कुठे, तर... नाही, वेळ संपली.