राजवाड्यातली बच्चेकंपनी

सुट्टीत बडोद्याला नातेवाइकांकडे उतरलेली मराठी कुटुंबं लक्ष्मी विलास राजवाडा पाहायला हमखास जातात. तिसऱ्या दालनापर्यंत मुलांची भुणभुण सुरू होते आणि आईबाबा डोळे वटारतात. वास्तुशैली, सनावळी, झुंबरं यांत मुलांचं मन रमत नाही. त्यांना गोष्टीत आपल्या वयाचं कुणीतरी लागतं.

बडोद्याच्या गोष्टीत तसा एक मुलगा आहे. महाराज सयाजीराव तिसरे हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा १८७५ साली गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे त्यांनीच १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एवढं गाडीत बसल्या बसल्याच सांगून टाकावं.

वाड्याचं काम १८७८च्या सुमारास सुरू झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. १८८१ साली ते वारले आणि रॉबर्ट चिझम यांनी १८९०मध्ये काम तडीस नेलं.

सगळा वाडा दाखवण्याचा अट्टहास पालकांनी सोडावा. राजघराणं अजूनही तिथे राहतं, त्यामुळे लोकांसाठी मोजकाच भाग खुला असतो. त्यातलीही दोन-तीन ठिकाणं पुरेत. दरबार हॉलमध्ये मात्र रेंगाळावं. खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच आहे, तर फरशी व्हेनिसच्या पद्धतीची, बारीक तुकडे जुळवून केलेली. उभ्याने ती नुसती गुळगुळीत दिसते. मुलांना उकिडवं बसवून एकेक तुकडा निरखायला सांगितला, की कुठला रंग कुठे संपतो याची शोधाशोध आपोआप सुरू होते. शस्त्रागारात तर त्यांना ओढून न्यावंच लागत नाही.

आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय मुळात राजपुत्रांची शाळा होती. आमराईला वळसा घालणारी छोटी आगगाडी त्या आवारात धावायची. तिचं इंजिन संग्रहालयाच्या दाराशी आहे. शाळेला आगगाडीने जाण्याची कल्पनाच पोरांना भारी वाटते. आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. ‘सीता भूमिप्रवेश’समोर मोठ्यांनी गप्प राहावं आणि काय घडतंय ते मुलांना सांगू द्यावं. रामायण ऐकलेलं पोर तिथे आजीलाही चुका काढून दाखवतं.

मग बागेकडे वळावं. लंडनच्या क्यू उद्यानाशी संबंधित असलेल्या विल्यम गोल्डरिंग यांनी ती आखली. आवार अफाट असल्याने उन्हाच्या आत, सकाळीच पोहोचावं. टोपी, पाण्याची बाटली बरोबर घ्यावी; वही-पेन्सिलही असू द्यावी. आत फोटोला मनाई असते, तेव्हा आवडलेली एक वस्तू बागेत बसून आठवणीने काढायला लावावी. सुट्टीचा वार आणि तिकिटाचे दर निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

सयाजीबागेतलं बडोदा संग्रहालय त्याच दिवशी उरकू नये. तिथे निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि इजिप्तची ममी आहे. त्यासाठी दुसरी सकाळ मोकळी ठेवावी.