हप्त्याची पावती आणि तिच्यातले शब्द

माढ्यात किंवा कुर्डुवाडीत घर बांधायला काढलं, की मालक ठेकेदाराला हप्त्याहप्त्यानं पैसे देतो. विटा, खडी, सळई मात्र बरेचदा उधारीवर येते. अमेरिकेत अशा पुरवठादाराला थकबाकीपोटी थेट घरावर बोजा चढवता येतो. मेरीलँड राज्यानं १७९१ मध्ये, देशाची नवी राजधानी उभारली जात असताना, बांधकाम करणाऱ्यांना असा हक्क दिला. त्यामुळं तिथं पैसे देताना बोजा सोडल्याचं पत्र घेतात. आपल्याकडं पुरवठादाराला असा हक्क नाही; मग पत्र कशाला, असं कुणी विचारेल. पण सातबारा कोरा राहिला तरी ठेकेदार पसार झाल्यावर वीटभट्टीवाला मालकाच्याच दारात येतो. म्हणून मागच्या हप्त्यातून कुणाला किती पोचले, याच्या सह्या पाहूनच पुढचा हप्ता द्यावा. व्यवहार विश्वासावर चालतो हे खरं. पण कागदामुळं विश्वास कमी होत नाही, विसरभोळेपणाला जागा उरत नाही.

सही करणाऱ्याचीही बाजू आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. पैशाची गरज असलेल्या माणसाकडून ‘आता काही येणं नाही’ असं आधीच लिहून घेणं अन्यायाचं आहे. दबावानं घेतलेल्या अशा पत्रानं लवादाकडं जाण्याचा मार्ग बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या बोघरा पॉलिफॅब प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र दबाव सिद्ध करणं सोपं नसतं. तेव्हा पावतीत एवढंच असावं: अमुक रक्कम बँकेत जमा झाली, आणि तेवढ्यापुरतंच येणं फिटलं.